गेटसमोर उभ्या गाडीला लागलं, भरपाई कोणी द्यायची?

कडेचा_दगड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भांडण अजून झालेलं नाही, पण होण्याच्या बेतात आहे. म्हणून आधीच विचारून घेतो.

माझी गाडी रस्त्याच्या कडेला, पदपथाला समांतर उभी असते. गाडीची पाठ शेजारच्या गेटाच्या रॅम्पकडे. परवा सकाळी बघतो तर मागच्या बंपरवर आडवा ओरखडा. मधोमध सुरू होऊन रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला, आणि तो कोपरा क्लिपांमधून निसटून क्वार्टर पॅनलपासून (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) बोटभर सुटलेला. शेजारचे काका रोज सकाळी रिव्हर्स घेत बाहेर पडतात. त्यांना विचारलं तर एका दमात म्हणाले, "माझी गाडी लागलेलीच नाही, मी सगळा वेळ मागचा कॅमेरा बघत होतो, सेन्सरही वाजला नाही. आणि तू गाडी रॅम्पवर चढवून ठेवतोस त्याचं काय?"

चाकं रॅम्पच्या अलीकडेच होती. बंपर मात्र उतारावर वीतभर पुढे आलेला होता, हे फोटोतही दिसतं. ओरखडा जमिनीपासून साधारण ४९ ते ५५ सेंटिमीटर उंचीवर आहे. माझी गाडी गडद निळी, काकांची पांढरी, आणि ओरखड्यात पांढरट रेघा आहेत. यावर काकांचं उत्तर, "पांढरी गाडी काय जगात माझी एकट्याचीच आहे?"

रॅम्पवर वीतभर येणाऱ्या गाडीला ठोकलं तर भरपाई मागता येते का? आणि मुळात त्यांनीच ठोकलं हे ठरवायचं कसं?

हुं

काकांनी एकाच वाक्यात "मी ठोकलं नाही" आणि "तू तिथे का लावलीस" हे दोन्ही सांगितलंय. पहिलं खरं असेल तर दुसऱ्याची गरजच काय होती? चोराच्या उलट्या बोंबा.

माजघर

हुं, इतकी घाई नको. माणूस गांगरला की सुचेल ते सगळं एकदम बोलतो. रोज तोंड बघायचं असतं शेजाऱ्याचं. 'चोर' वगैरे शब्द इथे ठीक आहेत, तिथे वापरू नका.

मात्र हे दोन मुद्दे वेगळे आहेत ते ध्यानात ठेवा. लागलं कोणाकडून, हा एक प्रश्न. गाडी चुकीच्या जागी होती का, हा दुसरा. काका तुम्हाला दुसऱ्यावर नेतील आणि पहिला तसाच राहील. बहुतेक भांडणं तिथेच फसतात.

रिव्हर्सगिअर

कॅमेरा आणि सेन्सर दोन्ही असताना लागलं असेल असं वाटत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणी तरी घासलं असणार.

तिरपा_आरसा

मला वाटतं काका अगदी खरं बोलताहेत, आणि लागलंय त्यांच्याच गाडीकडून.

गाडी रिव्हर्समध्ये वळवताना मागची चाकं आतून जातात आणि नाक बाहेरून फिरतं. किती बाहेरून, त्याला पायथागोरस पुरतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.५ मीटर धरा. पुढचं चाक ५ मीटर त्रिज्येच्या कमानीवर असेल तर त्याच बाजूचं मागचं चाक ४.३३ मीटरच्या कमानीवर असतं. म्हणजे पुढचं चाक सुमारे दीड हात, ६७ सेंटिमीटर बाहेरून जातं. बंपरचा कोपरा चाकाच्याही पुढे पाऊण मीटर असतो, तो आणखी बाहेर पडतो. स्टिअरिंग जोरात मारलं असेल तर मागचं चाक गेलं त्या रेषेच्या मीटरभर बाहेरून नाक झाडू मारत जातं.

आता काका घराकडे तोंड करून बसलेत आणि मागे येताहेत. धागाकर्त्याची गाडी त्यांच्या डाव्या हाताला. गाडीचं ढुंगण त्यांनी उजवीकडे वळवलं, म्हणजे मोकळ्या बाजूला. मागच्या कॅमेऱ्यात रस्ता रिकामा. मागचा सेन्सर कशाला वाजेल? आणि तेवढ्यात नाकाचा डावा कोपरा निळ्या बंपरवरून घासत गेला. बऱ्याच गाड्यांना पुढे सेन्सरच नसतात. असले तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिळलेल्या माणसाच्या मानेला ते वळायला लावतीलच असं नाही.

धागाकर्ता, दोन गोष्टी बघा. एक, ओरखडा पदपथाच्या बाजूकडून रस्त्याकडे गेलाय का? घासताना खरवडलेला रंग आणि प्लॅस्टिकची कीस शेवटाच्या टोकाला साचते, तिथे बोट फिरवून बघा. रस्त्यावरून जाणारी गाडी घासली असती तर ओरखडा बाजूच्या पत्र्यावर लांबीत आला असता, बंपरच्या पाठीवर आडवा नाही. दोन, काकांच्या गाडीचा मागचा भाग तपासत बसू नका. पुढचा डावा कोपरा बघा.

रिव्हर्सगिअर

हे पटलं. मागचा कॅमेरा आल्यापासून आरसे बघायची सवयच गेली आहे लोकांची. रिव्हर्स घेताना नाकाकडे बघायला शिकवणारा एक तरी ड्रायव्हिंग स्कूलवाला दाखवा.

खिळेमोळे

गॅरेज चालवतो म्हणून एक सांगतो. पांढरट रेघ दिसली की लोक लगेच 'समोरच्याचा रंग' म्हणतात. तसं नसतं. गडद गाडीवर वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खरवडला की त्याचीच पांढरी रेघ दिसते. पाण्याचा हात फिरवा. ओलं असेपर्यंत रेघ गायब झाली तर तो तुमचाच क्लिअर कोट. गेली नाही तर समोरच्याचा रंग असेल, नाही तर तुमच्याच गाडीचा खालचा प्रायमर.

समोरच्याचा रंग वर बसलेला असतो, नखाला थर लागतो. तुमचा प्रायमर आत असतो, नख खड्ड्यात जातं. पण हे करायच्या आधी फोटो काढा. कित्येक जण उत्साहात रबिंग (घासून पॉलिश) मारून येतात, ओरखडा निम्मा जातो आणि पुरावा पूर्ण जातो.

सर्व्हे_नंबर

विम्याचे सर्व्हे करण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. माझी भर.

फोटो आधी लांबून. रॅम्पची कड, गेटाचे खांब, पदपथ आणि गाडीची चाकं एकाच चौकटीत आली पाहिजेत. मग मधल्या अंतरावरून. सगळ्यात शेवटी जवळून. लोक उलट करतात. ओरखड्याचे वीस फोटो असतात आणि गाडी नेमकी कुठे उभी होती त्याचा एकही नसतो. मग रॅम्पवर वीतभर होती की हातभर, यावर महिनाभर वाद. टेपचं टोक जमिनीला टेकलेलं फोटोत दिसू द्या, नुसता टेप हवेत धरू नका.

उंची जुळली म्हणजे सिद्ध झालं असं मात्र समजू नका. बंपर साधारण एकाच पट्ट्यात येतात. अमेरिकेतल्या नियमात तर प्रवासी गाड्यांच्या बंपरसाठी जमिनीपासून १६ ते २० इंचांचा पट्टाच ठरवून दिलेला आहे. शिवाय ब्रेक मारला की नाक खाली झुकतं, मागे सामान असलं की शेपूट बसतं. दोन-चार सेंटिमीटरचा फरक कुणाच्याच बाजूचा नाही. उंची, दिशा आणि दोन्ही गाड्यांवर एकमेकींचा रंग, हे तिन्ही जुळलं की मात्र बोलायला फार जागा उरत नाही. एडमंड लोकार्ड या फ्रेंच माणसाने १९१० मध्ये ल्यों शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तू एकमेकींना भिडल्या की दोघींवर खूण राहते, हे तत्त्व त्याच्याच नावाने ओळखलं जातं. निळ्यावर पांढरा शोधताय तसा पांढऱ्यावर निळाही शोधा.

आसपास कुठे कॅमेरा असेल तर आजच विचारा. रेकॉर्डर जुन्यावर नवं लिहीत जातो, उशिरा मागाल तर मिळेलच असं नाही. पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करून आणू नका, मूळ फाइल घ्या. रेकॉर्डरचं घड्याळ हमखास पुढेमागे असतं, म्हणून त्याच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एका फोटोत घेऊन ठेवा. फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की मेसेजिंग अ‍ॅप त्याचा आकार घटवतं आणि कधी काढला वगैरे माहिती पुसून टाकतं.

आणि फुटेजमध्ये 'टेकली की नाही टेकली' हे डोळे फाडून बघत बसू नका. त्या रुंद भिंगांतून अंतराचा अंदाज लागत नाही. उभी गाडी हलली का ते बघा. धक्का लागला की उभी गाडी स्प्रिंगांवर किंचित डोलते आणि मागच्या काचेतलं प्रतिबिंब सरकतं. ते लपत नाही.

फाटकवाली

सगळे गाडीवाल्याच्या बाजूने बोलताहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. मी गेटाच्या आतल्या बाजूची आहे.

'वीतभर' हा शब्द बाहेरून फार लहान वाटतो. आतून बघा. गेटाचे दोन खांब, त्यातून सरळ बाहेर यायचं आणि लगेच वळायचं. रॅम्पच्या दोन्ही अंगांना रुंदी असते ती शोभेसाठी नसते, वळणाला लागते. वर तिरपा_आरसा यांनी जो हिशेब मांडला त्यातला नाकाचा मीटर कुठून यायचा? त्याच वीतभर जागेतून. रोज कुणीतरी वीतभर घेतो, रोज वेगळा माणूस, आणि रोज मी तीनदा मागेपुढे करते.

दुसरं म्हणजे नुसती जागा जात नाही, नजर जाते. रॅम्पला चिकटून उंच गाडी उभी असली की पदपथावरून धावत येणारं पोर किंवा कडेने येणारा सायकलवाला मला दिसतच नाही. माझी काच त्या गाडीच्या पुढे येण्याआधीच बॉनेट रस्त्यात गेलेलं असतं. बंपर रंगवून मिळतो. त्या पोराचं काय? रात्री घरात कुणाला छातीत दुखायला लागलं तर मी ट्रकखालून गाडी काढू का?

काकांनी ठोकलं असेल तर द्यावेत पैसे. पण 'फक्त वीतभर' म्हणू नका.

माजघर

फाटकवाली ताई, शंभर टक्के सहमत.

सावळागोंधळ

ताईंचं बरोबर आहे. मग सरळ हिशेब आहे ना. चुकीच्या जागी गाडी लावली, लागलं, विषय संपला. स्वतःच्या जबाबदारीवर लावली होती.

वकिली_वळण

विषय तसा संपत नाही. आणि हा वाद मोटारी यायच्या आधीपासून चालू आहे.

इंग्लंडमध्ये १८४२ मध्ये डेव्हिस विरुद्ध मान असा खटला झाला होता. फिर्यादीने आपलं गाढव पुढचे पाय बांधून सार्वजनिक रस्त्याच्या कडेला चरायला सोडलेलं. तीन घोड्यांची मालगाडी उतारावरून जोरात आली आणि गाढव मेलं. गाडीवाल्याचा बचाव काय? अगदी सावळागोंधळ यांचाच. गाढव तिथे असायलाच नको होतं. न्यायालयाने उलट धरलं. गाढव चुकीच्या जागी असेना का, गाडीवाल्याने नीट लक्ष दिलं असतं तर ते टळलं असतं, सबब भरपाई द्या. न्यायमूर्ती पार्क यांनी असंही म्हटलं की हा बचाव मान्य केला तर रस्त्यावर झोपलेल्या माणसाच्या अंगावर गाडी घालणंही समर्थनीय ठरेल.

गंमत म्हणजे त्या काळी तिथला नियम फार कडक होता. नुकसान झालेल्याची थोडी जरी चूक असली तरी त्याला काहीच मिळायचं नाही. गाढवाच्या खटल्याने त्याला खिंडार पाडलं आणि 'शेवटची संधी कोणाच्या हातात होती' हे बघायची पद्धत रूढ झाली. पुढे १९४५ च्या कायद्याने तिथे भरपाई चुकीच्या प्रमाणात वाटायची सोय केली. आज बहुतेक देशांत या ना त्या रूपात वाटणीचंच तत्त्व आहे.

म्हणून फाटकवाली ताई आणि धागाकर्ता दोघेही बरोबर असू शकतात. चुकीच्या जागी लावल्याचा दंड वेगळा, तो सरकार घेईल. गाडी उचलून नेतील, तेही वेगळं. धक्का दिल्याची भरपाई वेगळी, आणि त्यातून उभ्या गाडीचा वाटा वजा होऊ शकतो. तो वाटा कधी मोठा होतो? जागा चुकीची होती आणि त्यामुळेच धडक टाळणं अवघड झालं तेव्हा. अंधारात, वळणावर, दिवे बंद करून उभी केलेली गाडी असेल तर वाटा मोठा. भर उजेडात, रोज त्याच ठिकाणी उभी असणारी, गेटातून स्पष्ट दिसणारी गाडी असेल तर लहान. काकांना ती गाडी तिथे आहे हे निघायच्या आधीपासून माहीत होतं.

सावळागोंधळ

गाढव आवडलं :) पण मग गेट पूर्ण अडवून कुणी गाडी लावली आणि तासभर आलाच नाही तर? मला बाहेर पडायचंच आहे. हळूच ढकलून, चिकटून काढली तर?

वकिली_वळण

अजिबात नाही. हॉर्न, फोन, वाहतूक पोलीस, टोईंग, सगळं चालेल. जाणूनबुजून घासून काढलीत तर तो अपघात राहत नाही, आणि मुद्दाम केलेल्या नुकसानीला विमासुद्धा हात लावत नाही. तुमचा तक्रारीचा हक्क शंभर टक्के होता, तो तुम्ही स्वतःच्या बंपरने घालवलात असं होईल.

हवा सोडणे, काचेवर गोंदाने कागद चिकटवणे, आरसा मुडपताना तोडणे हे सगळंही त्यातच आलं.

हुं

आणि रॅम्पच्या कडेला दगड, कुंड्या, लोखंडी कांब पुरून ठेवणारे? त्यांच्या दगडाने माझ्या गाडीचा रनिंग बोर्ड गेला तेव्हा 'आमच्या गेटासमोर आलातच का' हेच ऐकलं.

वकिली_वळण

गेट त्यांचं, रस्ता त्यांचा नाही. गेटात शिरण्या-निघण्याचा हक्क म्हणजे गेटासमोरच्या डांबराची मालकी नव्हे. रस्त्यात अडथळा ठेवला आणि त्याने नुकसान झालं तर ठेवणाऱ्यावर येतं. बाहेरच्या बाजूला उघडणारी फाटकंही यातच. वाऱ्याने फाटक सुटून उभ्या गाडीवर आदळलं तर वाऱ्याला बोल लावता येत नाही, कडी-अडसर नीट आहे का ते बघणं फाटकवाल्याचं काम.

(ताई, तुम्हाला नव्हे, जनरल फाटकवाले :))

फाटकवाली

आमचं आत उघडतं!

कडेचा_दगड

सगळ्यांचे आभार. प्रगती सांगतो.

तिरपा_आरसा यांचा प्रतिसाद वाचून टेप घेऊन गेलो. एकटा गेलो नाही, काकांच्या मुलीला बरोबर घेतलं. 'तुमच्यामुळे लागलं' असं न म्हणता 'पुढचा डावा कोपरा एकदा बघू या का' इतकंच म्हटलं. कोपऱ्यावर निळी रेघ होती, फॉग लॅम्पच्या खाचेला लागून, ४८ ते ५४ सेंटिमीटरवर. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून, वाकून स्वतः बोट फिरवलं. बोटाला निळं लागलं. "हे नाकानं केलं होय!" म्हणाले. खरोखरच त्यांना माहीत नव्हतं असं माझं मत झालं आहे. हुं, तुमचे शब्द परत घ्या.

पण आता नवी अडचण. काका म्हणतात रबिंग-पॉलिश करून टाकू, रंगवायला लागला तर रंगवू. सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये नवा बंपर, तो धरून ठेवणारे दोन ब्रॅकेट, क्वार्टर पॅनलचा रंग आणि 'सेन्सर तपासणी' आहे. तो कागद बघून काकांचा चेहरा पडला. खरं तर माझाही पडला.

हुं

घेतले परत.

खिळेमोळे

रबिंगने जाणार की नाही, याला नख पुरतं. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, त्यात वरचा क्लिअर कोट चाळीस-पन्नासच्या आसपास. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. रबिंग म्हणजे हा क्लिअर कोटच थोडा खरवडून सपाट करणं. नख न अडकता सरकलं तर निघेल. नख अडकत असेल आणि तळाशी वेगळा रंग दिसत असेल तर कितीही घासा, खड्डा तसाच राहील आणि आजूबाजूचा कोट पातळ होईल. तेव्हा काकांचं रबिंग बाद.

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेटही जसंच्या तसं घेऊ नका. बंपर प्लॅस्टिकचा असतो. चेपला तर गरम करून मूळ आकारात येतो, तडा गेला तर आतून वेल्ड होतो. नवा कधी लागतो? क्लिपांचे कान तुटले असतील आणि बसवायला जागाच उरली नसेल तेव्हा. तुमचा कोपरा बोटभर सुटलाय. नुसता निसटलाय, ब्रॅकेट तुटलाय की बंपरचा कान तुटलाय, हे बाहेरून कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही. बंपर उतरवायला लावा आणि उतरवताना दोघेही हजर राहा. ब्रॅकेट तुटला असेल तर ती किरकोळ वस्तू आहे. आतली लोखंडी आडवी पट्टी आणि त्यावरचा फोम हातासरशी बघून घ्या, हळू धक्क्यात सहसा काही होत नाही.

क्वार्टर पॅनलवर ओरखडा नसेल, नुसती फट असेल तर तिथे रंग कशाला? मेटॅलिक रंगात शेड जुळवायला शेजारच्या पॅनलवर थोडा फिरवून विरवतात, हे खरं आहे. पण ते लागून असलेल्या पत्र्यांबद्दल जास्त. बंपर आणि पत्रा यांची शेड नव्या गाडीतसुद्धा किंचित वेगळी दिसते. कागदावरची ती ओळ मी असतो तर खोडायला सांगितली असती.

आणि दुसऱ्या कोपऱ्यावर तुमचा जुना ओरखडा असेलच, नाही म्हणू नका. बंपर पूर्ण रंगतो तेव्हा तोही फुकटात जातो. काका तो मुद्दा काढतील. काढू द्या, त्यात चूक नाही.

कडेचा_दगड

आहे जुना ओरखडा. काकांच्या मुलीने तो आधीच हेरलाय.

सर्व्हे_नंबर

रोख घ्यायचे की विम्यातून करायचं, याचा हिशेब आता करा. स्वतःच्या विम्यातून केलंत तर तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम आधी तुम्ही भरायची आणि नो क्लेम बोनसला (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) धक्का. लहान कामाला हे बहुधा परवडत नाही. काकांच्या विम्यातून तिसऱ्या पक्षाचं नुकसान म्हणून मागता येतं, पण त्याला वेळ आणि कागद लागतात. ब्रॅकेट आणि रंगावर भागत असेल तर आपसात मिटवलेलं बरं.

पण एक सापळा आहे. काकांकडून थोडे पैसे घेऊन 'आता माझी काही तक्रार नाही' असं लिहून दिलंत आणि मग बंपर उतरवल्यावर आत आणखी काही निघालं म्हणून स्वतःच्या विमा कंपनीकडे गेलात, तर अडकाल. कंपनी तुम्हाला पैसे देते ते पुढे काकांकडून वसूल करायचा तुमचा हक्क स्वतःकडे घेऊन. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिला असेल तर कंपनी हात वर करायला मोकळी. म्हणून क्रम असा ठेवा की आधी बंपर उतरवायचा, मग आकडा, मग कागद. कागदावर तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, कुठला भाग, किती रक्कम, आणि कामाच्या बिलाची प्रत दोघांकडे.

क्लेमच्या अर्जात 'खांबाला लागलं' असलं काही लिहू नका. सोपं पडतं म्हणून गॅरेजवालेच सुचवतात. खुणा खांबाच्या नाहीत हे सर्व्हेअरला पहिल्या मिनिटात कळतं.

खिळेमोळे

सगळे गॅरेजवाले नाही हो.

सर्व्हे_नंबर

तुम्ही नाही, मान्य.

रिव्हर्सगिअर

ते 'सेन्सर तपासणी' काय प्रकरण आहे? माझ्याही बिलात होतं.

खिळेमोळे

नुसते पार्किंगचे गोल बटणासारखे सेन्सर असतील तर बसवून रिव्हर्स टाकला आणि मागे माणूस उभा केला की कळतं, त्याचे वेगळे पैसे कसले? मात्र बंपरच्या कोपऱ्यामागे रडार असेल, बाजूने येणारी गाडी दाखवणारं, तर गोष्ट वेगळी. त्याचा कोन थोडा हलला तरी ते चुकीच्या जागी बघतं, आणि त्याच्या समोर पुट्टी किंवा रंगाचा जाड थर बसला तर अडखळतं. तिथे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन पुन्हा बरोबर जुळवणं, खरंच लागतं. गाडीत ते आहे का, हे आधी विचारा. नसेल तर ती ओळही खोडा.

दोन_चाकी

अवांतर होतंय, पण आमच्या दुचाक्यांचं कुणी बोलेल का? रॅम्पजवळ लावलेली बाइक हँडल लॉक असतानाही लोक उचलून, फरफटवून सरकवतात. साइड स्टँडवर नीट न टेकवता सोडून देतात, मग ती पडते. टाकी चेपते, लिव्हर मोडतो, आणि सरकवणारा म्हणतो 'मी फक्त बाजूला केली'.

वकिली_वळण

बाजूला करायला हात लावला म्हणजे नीट उभी करून सोडायची जबाबदारी घेतली. गाढवाचाच न्याय.

माजघर

एक प्रश्न राहिला. समजा आपल्याकडूनच कुणाच्या उभ्या गाडीला लागलं आणि मालक जागेवर नाही. पळून जाणं हा गुन्हा आहे हे माहीत आहे, पण थांबायचं तरी किती? आणि चिठ्ठीत लिहायचं काय? 'चूक माझी' असं लिहिलं तर पुढे तेच गळ्यात येतं म्हणतात.

सर्व्हे_नंबर

चूक कोणाची ते चिठ्ठीत ठरवू नका, घडलं ते लिहा. 'अमुक वेळी माझी गाडी रिव्हर्स घेताना तुमच्या गाडीच्या अमुक कोपऱ्याला लागली. नाव, फोन, गाडी नंबर.' थोडा वेळ थांबा, आसपास विचारा, कुणी सापडलं नाही तर पोलिसांना कळवा, बऱ्याच ठिकाणी ते बंधनकारकच असतं. स्वतःच्या विमा कंपनीलाही त्याच दिवशी सांगा.

तिरपा_आरसा

वायपरखाली नुसता कागद ठेवू नका, वारा किंवा पाऊस आला की गेला. पारदर्शक पिशवीत घालून ड्रायव्हरच्या दाराच्या फटीत खोचा. आणि खोचलेली चिठ्ठी व नंबरप्लेट एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, म्हणजे चिठ्ठी उडाली तरी ठेवली होती हे दाखवता येतं.

माजघर

पिशवीचं लक्षात ठेवते. धन्यवाद.